परिचारिका घडते ती खाटेपाशी

बारावीचे निकाल लागले, की मध्यमवर्गीय घरांतून एक ठरावीक चर्चा सुरू होते. वैद्यकीय प्रवेशासाठी लागणारे गुण मुलीला मिळालेले नाहीत, अभियांत्रिकीकडे तिचा ओढा नाही. तेव्हा ‘निदान नर्सिंगला तरी घालू’ असा तोडगा घरातील कोणीतरी वडीलधारे मनुष्य काढते. या वाक्यातील ‘निदान’ आणि ‘तरी’ हे दोन शब्द परिचर्येकडे पाहण्याचा आपल्या समाजाचा सारा दृष्टिकोन सांगून जातात. परंतु हेच वडीलधारे मनुष्य उद्या शस्त्रक्रिया होऊन रुग्णालयात पडले, म्हणजे रात्री तीन वाजता त्यांच्या नाडीवर जिची बोटे असतील, ती मुलगी अशाच एखाद्या घरातून, असाच तोडगा म्हणून आलेली असण्याचा पुष्कळ संभव असतो. तिला काय शिकविले गेले, कोणी शिकविले आणि कोठे शिकविले, हा प्रश्न त्या घटकेला त्यांच्या जिवाशी येऊन भिडतो.

परिचर्येच्या शिक्षणाचा विषय म्हणूनच केवळ प्रवेशाचा, शुल्काचा आणि नोकरीचा नाही. तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे. या शिक्षणाचा विस्तार आज झपाट्याने होत आहे. २०१४ नंतर स्थापन झालेल्या १५७ वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीला तितकीच परिचर्या महाविद्यालये काढण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात केली आणि त्यासाठी १,५७० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घ्यावी, म्हणून राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदाही संसदेने २०२३ साली संमत केला. इमारती उभ्या राहतील, आयोग बसतील, पदव्याही मिळतील. पण या पदव्यांमागे रुग्णाची खाट असेल काय? परिचारिका जाणत्या शिक्षिकेच्या नजरेखाली रुग्णाच्या खाटेपाशी घडते, हे या विद्येचे साधे तत्त्व आहे. आपण ते आजवर दोन वेगवेगळ्या प्रकारांनी मोडले आहे.

सेवाभाव आणि शास्त्र

परिचारिका म्हणजे गोड बोलणारी, न कंटाळणारी आणि डॉक्टरांनी सांगितलेले मुकाट्याने करणारी स्त्री, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. सेवाभाव हवाच, त्यावाचून या व्यवसायात कोणी टिकणार नाही. परंतु केवळ सेवाभावाने रुग्ण वाचत नाही. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून तो आता आठ सत्रांत विभागलेला आहे. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, पोषण, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय त्यात आहेत. त्यांवर आधारलेली वैद्यकीय व शस्त्रक्रिया परिचर्या, बालरुग्ण परिचर्या, मनोरुग्ण परिचर्या, प्रसूतिविद्या आणि सामाजिक आरोग्य परिचर्या हे मुख्य भाग आहेत. या विषयांची नावे वाचून जो बोध होत नाही, तो वॉर्डातील कामाकडे पाहिल्यावर होतो.

रक्त चढविताना पहिली पंधरा मिनिटे रुग्णापाशी उभे राहावे लागते, कारण रक्त न मानवल्याची गंभीर चिन्हे बहुधा याच वेळात दिसू लागतात आणि तत्काळ नळी बंद केली तर प्राण वाचतात. पोटॅशियम क्लोराइडची कुपी पातळ न करता थेट शिरेत गेली, तर हृदय बंद पडते. नितंबावरील इंजेक्शनची जागा चुकली, तर पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू दुखावून माणूस लंगडा होऊ शकतो. प्रसूती झाल्यावर बाईच्या ओटीपोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट झाले आहे की नाही ते पाहायचे असते. ते मऊ लागले, तर आत रक्तस्राव चालू असल्याचा संशय घेऊन लगेच हालचाल करावी लागते, कारण अशी बाई दोन तासांत हातची जाऊ शकते. आणि श्वास! रुग्णाची प्रकृती ढासळू लागली, की अनेकदा सर्वांआधी त्याच्या श्वासाची गती बदलते. तो मोजायला घड्याळाखेरीज काही लागत नाही. एक मिनिट थांबावे मात्र लागते. आणि हेच एक मिनिट न काढता सर्व रुग्णांपुढे सारखाच आकडा लिहून टाकण्याची सवय जेथे जडते, तेथे धोक्याची पहिली घंटा कोणालाच ऐकू येत नाही.

डॉक्टर दिवसातून एकदा किंवा दोनदा फेरी घालतात आणि प्रत्येक खाटेपाशी काही मिनिटे थांबतात. उरलेल्या तासांत रुग्णाच्या प्रकृतीतील बदल कोणाच्या लक्षात यायचा असेल, तर तो परिचारिकेच्याच. अशी नजर पुस्तकातून येत नाही. शंभर निरोगी नाड्या बोटांखालून गेल्यावर एकशेएकावी नाडी वेगळी आहे हे कळते. त्या वेळी शेजारी उभी असलेली शिक्षिका ‘पुन्हा पाहा, काय वाटते?’ असे विचारते, तेव्हा विद्यार्थिनीच्या अनुभवाचे ज्ञान होते.

जुना दोष

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात आपली शाळा काढली, तेव्हा परिचर्या हे शिकण्याचे व शिकविण्याचे काम आहे, हा विचार जगापुढे ठामपणे मांडला गेला. महाराष्ट्रात मिशनच्या रुग्णालयांनी या शिक्षणाला आरंभी हातभार लावला. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाल्यावर रमाबाई रानडे यांनी ससून रुग्णालयात स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविण्याचे धाडस केले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे, या गोष्टी त्या काळच्या पांढरपेशा समाजाला किती झोंबल्या असतील याची कल्पना आज करता येणार नाही. विधवा आणि निराधार स्त्रियांना या शिक्षणाने स्वतःच्या पायांवर उभे केले, हा आपल्या सामाजिक इतिहासातील अभिमानाचा भाग आहे.

पण त्याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात सुमारे सात हजार परिचारिका होत्या. म्हणजे ४३ हजार लोकसंख्येमागे एक. समितीने पदवीच्या शिक्षणाचा पुरस्कार केला आणि त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. तरीही पुढे कित्येक दशके बहुतेक परिचारिका रुग्णालयांना जोडलेल्या शाळांतूनच तयार होत राहिल्या. या शाळांत खाटा भरपूर होत्या. उणीव होती ती शिकविणाऱ्यांची. विद्यार्थिनी ही वॉर्डातील स्वस्त हातांची बेगमी, असा व्यवहार होता. दिवसा तास, संध्याकाळी वॉर्ड आणि रात्रपाळीत साऱ्या वॉर्डाचा भार दुसऱ्या वर्षाच्या मुलीवर, हे चित्र त्या पिढीतील परिचारिकांना अनोळखी नव्हते. त्यांतून कणखर आणि हातांत कसब असलेल्या परिचारिका निघाल्या, हे खरे. परंतु त्या शिक्षणपद्धतीमुळे निघाल्या नाहीत, तिच्यातूनही निघाल्या, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. विद्यार्थिनीला राबविणे हे आजही अनेक ठिकाणी चालू आहे. मनुष्यबळ कमी पडले, की ‘स्टुडंट’ना बोलावून पाळी भागविली जाते आणि त्यालाच ‘प्रात्यक्षिक’ असे नाव दिले जाते.

नवा दोष

जुन्या दोषावर उतारा म्हणून पदवी महाविद्यालये आली. त्यांनी परिचर्येला विद्यापीठाची प्रतिष्ठा दिली, ही गोष्ट स्वागतार्हच होती. पण विस्ताराच्या लाटेबरोबर एक नवा आणि अधिक घातक दोष शिरला. आता काही ठिकाणी महाविद्यालय असते, फलक असतो, गणवेश असतो, शपथविधीच्या दिवशी हातांत दिवेही असतात. नसतो तो फक्त रुग्ण. महाविद्यालयाचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे, असा परिचर्या परिषदेचा नियम आहे. तो कागदावर पाळण्याच्या युक्त्याही आता जुन्या झाल्या आहेत. खाटा मांडलेल्या असतात, पण त्यांवर कोणी झोपलेले नसते. तपासणीच्या दिवशी अध्यापक दिसतात आणि दुसऱ्या दिवशी दिसेनासे होतात.

ही अतिशयोक्ती आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी शेजारच्या मध्य प्रदेशात काय घडले ते पाहावे. तेथील परिचर्या महाविद्यालयांची तपासणी करण्याचे काम उच्च न्यायालयाला सीबीआयकडे सोपवावे लागले. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की महाविद्यालयांना अनुकूल अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्यांपैकीच काहींना अटक झाली. या साऱ्यात हजारो विद्यार्थ्यांच्या परीक्षा रखडल्या. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांनी फलकावर विश्वास ठेवला होता. तेथे उघडकीस आलेला हा रोग राज्याची सीमा पाहून थांबतो, असे समजण्याचे कारण नाही.

यावर असा युक्तिवाद केला जातो, की देशात परिचारिकांची टंचाई आहे. शासन पुरेशी महाविद्यालये काढू शकत नाही. तेव्हा खाजगी संस्थांना फार बारकाईने जोखले तर टंचाई वाढेल. टंचाई खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका असून आणखी ५८ लाखांची उणीव आहे. पण खाजगी संस्थांतही उत्तम शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत आणि निकष कडक ठेवल्याने त्यांचे काहीच बिघडत नाही. शिवाय टंचाई परिचारिकांची आहे, प्रमाणपत्रांची नाही. ज्या मुलीने चार वर्षांत जिवंत माणसाची शीर क्वचितच शोधली, तिला थेट अतिदक्षता विभागात उभे केल्याने टंचाई दूर होत नाही. फक्त ती हजेरीपटावर दिसेनाशी होते. प्रयोगशाळेतील पुतळे हे पहिला हात बसण्यापुरते उपयुक्त आहेत. परंतु पुतळा घाबरत नाही, त्याचा नातेवाईक दाराशी रडत नाही, आणि त्याची प्रकृती कोणी न सांगता मध्यरात्री ढासळत नाही. आणि अशा अर्धशिक्षित मुलीच्या हातून चूक झाली, तर चौकशी तिची होते, निलंबन तिचे होते; तिला पदवी देणारी संस्था मात्र पुढच्या वर्षाचे प्रवेश करण्यात गुंतलेली असते.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

म्हणून या शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनी काही प्रश्न स्पष्टपणे विचारले पाहिजेत. सहायक परिचारिका प्रसाविका म्हणजे ए.एन.एम. हा दोन वर्षांचा, जी.एन.एम. हा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम. यांपैकी पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. एवढी माहिती कोणतीही माहितीपुस्तिका देते. माहितीपुस्तिकेत नसते ते विचारायला हवे. रुग्णालय कोणाचे आहे आणि ते महाविद्यालयापासून किती दूर आहे? आज सकाळी त्यातील किती खाटांवर रुग्ण होते? प्रसूतिकक्षात महिन्याला किती बाळंतपणे होतात? वॉर्डात विद्यार्थिनींबरोबर पाठ्यनिर्देशिका जाते, की त्यांना परिसेविकेच्या हवाली करून निघून येते? शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला गाठून ‘तू स्वतःच्या हाताने किती बाळंतपणे केलीस?’ एवढेच विचारले, तरी महाविद्यालयाची निम्मी परीक्षा होते. राज्याच्या परिचर्या परिषदेची व विद्यापीठाची मान्यता कोणत्या वर्षासाठी आणि किती जागांसाठी आहे, हे कागद पाहूनच ठरवावे.

या वाटेवर पुढे जाण्याजोग्या जागा कमी नाहीत. शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका, मग परिसेविका आणि अधिसेविका अशी चढती श्रेणी आहे. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना अध्यापनाचे क्षेत्र खुले आहे. ग्रामीण भागात उपकेंद्रांची सारी भिस्तच परिचारिकेवर आहे. लष्करी परिचर्या सेवेसाठी मुलींना शिकविणारे महाविद्यालय पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. मुलगेही आता मोठ्या संख्येने या शिक्षणाकडे येऊ लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कोणत्याही शाखेत गेले, तरी पहिल्या चार-पाच वर्षांत खाटेपाशी जे कमावले असेल तेच भांडवल जन्मभर पुरते.

वीस मिनिटांचा हिशेब

शिक्षण उत्तम झाले, म्हणजे सारे झाले असे मात्र नाही. समजा, चाळीस रुग्णांच्या वॉर्डात रात्री दोन परिचारिका आहेत. एकीच्या वाट्याला वीस रुग्ण आले. आठ तासांची पाळी धरली तर ४८० मिनिटे होतात. पदभार देणे-घेणे, नोंदवह्या आणि औषधांचा हिशेब यांत तास-दीड तास जातो. उरलेला वेळ वाटला, तर साऱ्या रात्रीत एका रुग्णासाठी सुमारे वीस मिनिटे पडतात. अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटले, तर ती वीस मिनिटे तेवढ्यातच संपतात. मग श्वास मोजायचे कधी? न मोजता आकडा लिहिणाऱ्या परिचारिकेला दोष देण्यापूर्वी हा हिशेब करून पाहिला पाहिजे.

हा केवळ तर्क नव्हे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांत केलेली पाहणी २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. परिचारिकेच्या वाट्याला एकेक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेचा रुग्ण दाखल झाल्यापासून तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले, की ती तितकीच घटते, असे त्यांना आढळले. शिक्षण आणि संख्या ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

वेतनाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या: दोनशेहून अधिक खाटा असल्यास शासकीय परिचारिकेइतके वेतन द्यावे, आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी ते २० हजार रुपयांपेक्षा कमी नसावे. केरळात परिचारिकांनी संघटित लढा दिला आणि २०१८ साली तेथील शासनाने किमान वेतनाची अधिसूचना काढली. इतरत्र या शिफारशी बव्हंशी शिफारशीच राहिल्या. लाखो रुपये शुल्क भरून पदवी घेतलेल्या मुलीला पहिल्या नोकरीत शुल्काचा हप्तासुद्धा फिटणार नाही एवढे वेतन मिळत असेल, तर तिचे डोळे परदेशाकडे लागणारच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानेच जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. जाणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र दुसऱ्या देशाला पुरविण्याजोग्या परिचारिका आपण घडवू शकतो, आणि आपल्या तालुक्याच्या रुग्णालयातील रिकामी पदे भरू शकत नाही, ही विसंगती शासनाला बोचली पाहिजे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथीलच एका सफाई कामगाराने अत्याचार केला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. परिचारिकेच्या सुरक्षिततेबद्दलची आपली बेपर्वाई त्या घटनेने उघडी पाडली. तो प्रश्न आजही सुटलेला नाही. पण त्या कहाणीचा दुसरा भाग परिचर्या म्हणजे काय ते सांगणारा आहे. मे २०१५ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला सांभाळले. तिच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा इतकी वर्षे अंथरुणात काढूनही तिच्या अंगावर बेडसोअर म्हणजे शय्याव्रण नाही, ही गोष्ट न्यायालयाच्या नजरेस आली. २०११ च्या निकालपत्रात या परिचारिकांचा गौरव आहे. यामागे कोणतेही यंत्र नव्हते. दर काही तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, वेळेवर भरविणे, एवढेच होते. आणि ते एकीने दुसरीला खाटेपाशी शिकविले होते.

तेव्हा शासनाकडे मागणे फार मोठे नाही. महाविद्यालयाला मान्यता देताना इमारत मोजण्याऐवजी भरलेल्या खाटा आणि वॉर्डात जाणाऱ्या शिक्षिका मोजाव्यात, आणि ही मोजणी आगाऊ सूचना न देता व्हावी. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर त्या पाळीतील रुग्णांची आणि परिचारिकांची संख्या लिहिली जावी, म्हणजे नातेवाइकांचा राग कोणावर काढायचा हे त्यांना कळेल. आणि २०१६ च्या वेतनविषयक शिफारशींना महाराष्ट्राने कायद्याचे बळ द्यावे. राहता राहिले आपण. पुढच्या जूनमध्ये एखादी मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली, तर ‘निदान’ आणि ‘तरी’ हे शब्द गिळून तिला एवढेच विचारावे, की तुझ्या महाविद्यालयाचे रुग्णालय कोठे आहे? तिला याचे उत्तर देता येत नसेल, तर तिच्याबरोबर जाऊन ते रुग्णालय डोळ्यांनी पाहून यावे.